आहार, आम्लता आणि कर्करोग : एका लोकसमजुतीची तपासणी

कर्करोगाच्या नावाइतकी धास्ती दुसऱ्या कोणत्याही रोगाच्या नावाने बसत नाही. आणि जिथे धास्ती फार तिथे उपायही फार, असा जगाचा अनुभव आहे. हल्ली आपल्या शहरात अशाच एका उपायाचा मोठा बोलबाला आहे. 'शरीर आम्लधर्मी झाले की कर्करोग होतो. शरीर अल्कधर्मी ठेवा, कर्करोग जवळ फिरकणार नाही,' असे ते सूत्र. मोबाईलवरून ते रोज सकाळी घरोघर पोहोचते, हळदीकुंकवाच्या बैठकीत त्याची चर्चा होते, आणि पाणी अल्कधर्मी करून देणारी महागडी यंत्रेही त्याच्या जोरावर खपतात.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला एक गोष्ट शिकवली जाते : एखादे विधान पुष्कळांनी म्हटले म्हणून ते खरे ठरत नाही, त्यातील कारण आणि कार्य यांचा संबंध तपासावा लागतो. हे विधान तपासायला मला फार लांबही जावे लागत नाही. मी राहते त्या लालबागपासून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. तेव्हापासून आपल्या या गिरणगावात कर्करोगाविषयी जे ज्ञान गोळा झाले, त्याच्याच प्रकाशात या समजुतीकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शरीर 'आम्लधर्मी' होते म्हणजे काय?

आम्लता मोजण्याच्या मापाला मराठीत 'सामू' म्हणतात, इंग्रजीत पी. एच. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली ते रूढ केले. सात हा मध्य. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क. एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता 'शरीराचा सामू किती?' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. 'मुंबईचे भाडे किती?' असे कोणी विचारले तर आपण म्हणू, 'कुठल्या भागातले?' तसेच हे. जठरातील रसाचा सामू साधारण दीड ते साडेतीन असतो, म्हणजे तो तीव्र आम्ल असतो. तसा नसता तर अन्न पचले नसते आणि जंतूही मेले नसते. मूत्राचा सामू साडेचारपासून आठपर्यंत कुठेही असू शकतो. रक्ताचा मात्र ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राहतो, म्हणजे रक्त स्वभावतःच किंचित अल्कधर्मी असते. हा पट्टा सांभाळण्याचे काम शरीर अहोरात्र करते. रक्तातील बायकार्बोनेट आम्लाचा जोर तिथल्या तिथे मोडते, फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडे उरलेले आम्ल मूत्रावाटे काढून देतात. रक्ताचा सामू सातच्या खाली गेला तर जीव धोक्यात येतो. मूत्रपिंड निकामी होणे, मधुमेह हाताबाहेर जाणे अशा गंभीर आजारात हे घडते; चिंचेची आमटी खाल्ल्याने घडत नाही.

मग आहाराचा काहीच परिणाम होत नाही का? होतो; पण तो मूत्रावर. डाळी, मांस, मासे, अंडी खाल्ली की मूत्र अधिक आम्ल होते. पालेभाज्या-फळे खाल्ली की कमी. सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या विकणारे लोक मूत्राचीच परीक्षा करायला सांगतात आणि पट्टीचा रंग बदलला की 'शरीर बदलले' म्हणतात. परंतु मूत्र म्हणजे घराबाहेर काढून ठेवलेला केर. दाराशी केर दिसला तर घरात झाडलोट नीट चालू आहे असे आपण म्हणतो. घर घाणीने भरले आहे असे म्हणत नाही.

आपल्याकडे या गोंधळात आणखी एक भर पडते. छातीत जळजळले, आंबट ढेकर आले की आपण 'ॲसिडिटी झाली', 'पित्त झाले' असे म्हणतो. ही तक्रार जठरातील आम्ल वर येण्याची आहे. तिचा रक्ताच्या आम्लतेशी संबंध नाही. शब्द एकच असल्यामुळे दोन निराळ्या गोष्टी एक वाटू लागतात. तर्कशास्त्रात या दोषाला संदिग्धतेचा दोष म्हणतात.

समजुतीचा उगम

ही समजूत अगदी हवेतून आलेली नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात सशांवर निरीक्षणे केली. गवत खाणाऱ्या सशाचे मूत्र अल्कधर्मी असते. त्याला उपाशी ठेवले की ते आम्ल होते, कारण उपाशी ससा स्वतःच्याच मांसावर जगू लागतो. अन्नामुळे मूत्राचा धर्म बदलतो हे सत्य तेथून पुढे आले.

दुसरे नाव जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांचे. कर्करोगाच्या पेशी साखर फार मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि प्राणवायू हाताशी असतानाही तिचे लॅक्टिक आम्ल बनवतात, हे त्यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. हा शोध आजही महत्त्वाचा मानला जातो. मात्र मोबाईलवरील संदेशात 'कर्करोग अल्कधर्मी शरीरात जगू शकत नाही या शोधासाठी वारबुर्ग यांना नोबेल मिळाले' असे जे छापलेले असते, ते खरे नाही. त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशींच्या श्वसनातील एका विकराच्या संशोधनाबद्दल.

तिसरा टप्पा व्यापाराचा. अमेरिकेत रॉबर्ट यंग या गृहस्थांनी २००२ साली सामूच्या चमत्कारावर पुस्तक लिहिले आणि ते तडाखेबंद खपले. सर्व रोगांचे मूळ आम्लता, असा त्यांचा दावा. वैद्यकीय परवाना नसताना उपचार केल्याबद्दल कॅलिफोर्नियातील न्यायालयात २०१६ साली ते दोषी ठरले आणि पुढे त्यांना कारावासाची शिक्षा झाली. पुस्तकाची शिकवण मात्र जगभर फिरतच राहिली.

कारण कोणते, कार्य कोणते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्करोगाच्या गाठीभोवतालचा भाग खरोखरच आम्ल असतो काय? असतो. निरोगी ऊतकापेक्षा तेथील सामू कमी भरतो. परंतु ते आम्ल गाठीनेच तयार केलेले असते. आग लागली तेथे धूर दिसतो. म्हणून धुराने आग लागली असे कोणी म्हणत नाही. येथे नेमकी हीच उलटापालट झाली आहे. शिवाय हा आम्लपणा गाठीच्या आसपासचा, स्थानिक असतो. जेवणाच्या ताटातून तो तेथे गेलेला नसतो आणि ताट बदलून तो तेथून काढताही येत नाही.

'अल्कधर्मी वातावरणात कर्करोगाची पेशी जगत नाही' या दाव्याला उत्तर परळातच मिळते. डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. ती भारतातील या प्रकारची पहिली प्रयोगशाळा होय. अशा प्रयोगशाळांत कर्करोगाच्या पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्याचा सामू ७.४ च्या आसपास, म्हणजे रक्ताइतकाच किंचित अल्कधर्मी ठेवतात. त्यात त्या पेशी मरत नाहीत; वर्षानुवर्षे वाढत राहतात.

संशोधकांनी या कल्पनेला संधीच दिली नाही, असेही नाही. २००९ साली उंदरांना खाण्याचा सोडा पाण्यातून दिला असता रोग इतर अवयवांत पसरण्याचे प्रमाण घटल्याचे एका प्रयोगात दिसले. माणसांत तसा लाभ सिद्ध झालेला नाही. पुढे २०१६ साली कॅनडातील टॅनिस फेंटन आणि टियान हुआंग यांनी आठ हजारांहून अधिक नोंदी चाळून आहाराची आम्लता, अल्कधर्मी पाणी आणि कर्करोग यांच्या संबंधाचा पुरावा शोधला. त्यांच्या कसोटीस उतरणारा एकच अभ्यास हाती लागला. तो मूत्राशयाच्या कर्करोगाविषयीचा होता आणि त्यातही आहाराच्या आम्लतेशी संबंध आढळला नव्हता.

चुन्याची डबी काय सांगते?

पुस्तकी पुराव्यापेक्षा मला अधिक बोलका वाटतो तो आपल्या भागातला पुरावा. आपल्या खाण्यातील सर्वांत अल्कधर्मी पदार्थ कोणता? पालक नव्हे, काकडी नव्हे, महागड्या यंत्रातले पाणीही नव्हे. तो पदार्थ म्हणजे चुना. भिजवलेल्या चुन्याचा सामू बाराच्या आसपास असतो. आणि हा चुना गिरणगावाच्या तोंडात पिढ्यान्पिढ्या बसलेला आहे. माझे आजोबा सांगत, गिरणीत कापसामुळे विडी पेटवायची सोय नसे, म्हणून तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि गालात धरून पाळी काढायची. बायकांची मिश्री, म्हाताऱ्यांचे पान, तरुणांचा मावा, असे प्रत्येकाचे काही ना काही होते.

'अल्क कर्करोगाला रोखते' हे सूत्र खरे असते तर परळ-लालबागची तोंडे कर्करोगापासून सर्वांत सुरक्षित राहायला हवी होती. प्रत्यक्षात काय दिसले? डॉ. खानोलकर टाटा रुग्णालयात विकृतिशास्त्राचे काम पाहत असताना त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ साली प्रसिद्ध केला. हा रोग आणि तंबाखू-पानाच्या सवयी यांच्या नात्याकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या कामांत त्याची गणना होते. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. देशातील ती पहिली. १९७१ साली डॉ. जस्सावाला आणि देशपांडे यांनी तंबाखू चघळणाऱ्यांना व ओढणाऱ्यांना असलेला धोका मोजून मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००३ साली त्याही पुढे जाऊन नुसती सुपारी आणि तंबाखू नसलेला विडा हेही कर्करोगकारक ठरवले.

यात चुन्याची भूमिका काय? मुख्य गुन्हेगार तंबाखू आणि सुपारी. चुना त्यांचा साथीदार. त्याच्या अल्कपणामुळे तंबाखूतील निकोटीन मोकळे होऊन गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात शिरते, आणि म्हणूनच सवय घट्ट बसते. सुपारीशी चुना मिसळला की पेशींतील जनुकद्रव्याला इजा करणारी क्रियाशील द्रव्ये तयार होतात. म्हणजे येथे अल्क रक्षण करत नाही; घात करायला मदत करते.

याच मुंबईतील पारशी समाजाचे उदाहरणही बोधप्रद आहे. मांस-अंडी त्यांच्या ताटात अधिक, म्हणजे या सूत्राच्या भाषेत आहार 'आम्लकारक'. तरीही त्यांच्यात मुखाचा कर्करोग कमी आढळला, कारण तंबाखूचे सेवन कमी. स्तनाचा कर्करोग मात्र त्यांच्यात अधिक आढळला आणि त्याचा संबंध उशिरा होणारे विवाह व कमी अपत्ये यांच्याशी लावला गेला. शहर एक, हवा एक, पाणी एक. रोग निराळे, आणि त्यांची कारणेही निराळी.

एका आम्लाने वाचवलेले प्राण

परळच्याच इतिहासातील दुसरी हकिकत तर या सूत्राला पुरती उलटी करणारी आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. तपासणीचे साधन काय होते? ४ टक्के तीव्रतेचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचाच मुख्य घटक. ते गर्भाशयमुखावर लावले की बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. हे काम दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केले. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाले : ज्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी ही तपासणी झाली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

अर्थात यावरून 'आम्ल चांगले, अल्क वाईट' असा निष्कर्ष काढणे म्हणजे तीच चूक उलट्या दिशेने करणे होय. आम्ल आणि अल्क हे गुण आहेत. ते कोठे, किती आणि कशाबरोबर आहेत यावर सारे अवलंबून. अन्ननलिकेत जठरातील आम्ल वर्षानुवर्षे चढत राहिले तर तेथील एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उलट जठरात हेलिकोबॅक्टर जंतूमुळे दीर्घकाळ दाह राहिला आणि आम्ल निर्माण करणाऱ्या ग्रंथी झिजल्या, तर आम्ल कमी झालेल्या त्या जठरातच कर्करोगाचा धोका वाढतो. एकाच देहात, वीतभर अंतरावर, आम्लाची दोन परस्परविरुद्ध कहाण्या!

मग आहाराचे काय?

आहार आणि कर्करोग यांचा संबंध नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. संबंध आहे, पण तो सामूचा नाही. मद्य हे सिद्ध झालेले कर्करोगकारक आहे. खारवून वा धूर देऊन टिकवलेले मांस २०१५ साली त्याच यादीत गेले. अतिलठ्ठपणाने अनेक कर्करोगांचा धोका वाढतो. भाज्या, कडधान्ये, सालीसकट धान्ये यांतील तंतूंनी आतड्याच्या कर्करोगाचा धोका घटतो. आपल्या घरातल्या दाण्याच्या कुटाचेही असेच. शेंगदाण्यावर दमट हवेत बुरशी धरली तर तीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृताच्या कर्करोगाचे एक कारण आहे. मुंबईच्या पावसाळ्यात बुरसटलेले, कडवट लागणारे दाणे निवडून टाकणारी आजी सामूचा विचार करत नसते, पण तिचे करणे योग्यच असते.

यावर एक आक्षेप येईल : 'कारण चुकीचे असले तरी लोक भाज्या खातात ना, मग बिघडले काय?' निरोगी माणसाचे कदाचित फारसे बिघडणार नाही. रोग्याचे मात्र बिघडते. या मताने जे पदार्थ 'आम्लकारक' म्हणून वर्ज्य केले जातात त्यांत डाळी, अंडी, मासे, चिकन, पनीर हे पदार्थ येतात, म्हणजे नेमकी प्रथिने. कर्करोगात आणि त्याच्या उपचारात माणूस झपाट्याने रोडावतो. वजन टिकवणे ही उपचार सोसण्याची पहिली अट असते. अशा वेळी कोणी त्याच्या ताटातले वरण काढून दुधीचा रस ठेवला, तर तो रोगाला नव्हे, रोग्यालाच उपाशी ठेवत असतो.

आणि त्याहून मोठे नुकसान वेळेचे. आमच्या चाळीतले एक काका, तंबाखू खाणारे. गालात आतून पांढरा चट्टा उठला, पुढे तेथे जखम झाली. कोणीतरी त्यांना 'शरीरातली उष्णता आणि आम्लता' सांगितली. सात-आठ महिने काका अल्कधर्मी पाणी पीत राहिले. जखम धुवायची, पाणी प्यायचे आणि वर तंबाखू-चुनाही चालूच. तोंड उघडेना तेव्हा ते रुग्णालयात गेले. शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग काढावा लागला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. मुखाचा कर्करोग हा आरशात दिसणारा कर्करोग आहे. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, ही चिन्हे कोणालाही दिसू शकतात, आणि लवकर पकडला तर तो बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. काकांपुढे आरसा होता, रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते. मध्ये उभी राहिली ती एक समजूत.

समारोप

आपल्याकडे 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली' असे म्हणतात. कावळ्याने फांदी मोडली नाही हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. त्यांनी त्याला काकतालीय न्याय असे नावही देऊन ठेवले. आम्लता आणि कर्करोग यांचे नाते जोडताना आपण तो न्याय विसरतो. आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या हाती परीक्षानळी नसते हे खरे. पण 'हे कशावरून?' हा प्रश्न असतो, आणि तो विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. घरात, चाळीत, गटागटांत फिरणाऱ्या अशा संदेशाला तो प्रश्न विचारणे हे आपल्या शिक्षणाचे कर्तव्यच मानले पाहिजे.

सोलकढी प्यावी, लिंबू पिळावे, पालेभाजी खावी; त्यांत आनंद आहे आणि पोषणही आहे. पण कर्करोग टाळायचा असेल तर सामूच्या पट्टीआधी खिशातली चुन्याची डबी बाहेर काढावी, आणि तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर परळची वाट धरावी. ती वाट १९४१ पासून उघडी आहे.